खुर्चीमागचा फ्लॅश

केबिन रोडवर, भाईंदर पूर्वेला, जिथे आता मोबाईलची कव्हरं टांगलेली दिसतात तिथे माझं दुकान होतं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. आत मी, समोर काउंटर, आणि गिऱ्हाईक रस्त्यावर उभं. पाटीवर ‘कॅमेरा व फ्लॅश रिपेअरिंग’ असं लिहिलेलं होतं, पण कॅमेऱ्यांचं काम हळूहळू कमी झालं आणि पुढे पुढे मी फ्लॅशवालाच झालो. मीरा रोडपासून उत्तनपर्यंत लग्नाचे फोटो काढणारी मंडळी माझ्याकडे यायची. ‘सुधाकरभाऊ, स्लेव्ह लॉक होतोय’ एवढंच म्हणायचे आणि पिशवी काउंटरवर ठेवायचे.

हा स्लेव्ह काय प्रकार आहे ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यावर एक फ्लॅश असतो. हॉलच्या कोपऱ्यात, स्टँडवर त्याने आणखी एखादा ठेवलेला असतो. दोन्ही एकाच क्षणी पेटायला हवेत. त्यासाठी कोपऱ्यातल्या फ्लॅशला एक छोटा डोळा जोडतात. अंगठ्याएवढी प्लॅस्टिकची डबी. तिला कुठूनही फ्लॅशचा झटका दिसला की ती आपला फ्लॅश पेटवते. मधे वायर नाही, काही नाही. मालकाने हात हलवला की नोकराने धावायचं, म्हणून त्याचं नाव स्लेव्ह.

स्टुडिओतल्या मोठ्या लाईटला हे डोळे निमूट चालायचे. पण कॅमेऱ्यावर बसणाऱ्या बॅटरीच्या फ्लॅशला लावले की एकदाच पेटायचे, मग ठप्प, म्हणजेच लॉक. काढून परत लावला की पुन्हा एकदाच. आतला स्विच असा असतो की एकदा लागला की त्यातून थोडासा जरी करंट वाहत राहिला तरी तो सुटत नाही. नव्या फ्लॅशमधून तसा बारीक करंट सतत झिरपत असतो. मी मधे एक छोटा कपॅसिटर टाकायचो, त्याच्या अंगावर एक रेझिस्टन्स. झटका पलीकडे जायचा, झिरपणं थांबायचं, स्विच सुटायचा. सामान कुठल्याही रेडिओवाल्याकडे मिळणारं. पण ते बसवायचं त्या अंगठ्याएवढ्या डबीत, आणि झाकण पुन्हा लागलं पाहिजे. त्यात माझा हात बसलेला होता. त्याचा मला अभिमान होता, तो मी लपवत नाही.

उत्तनचा एक फोटोग्राफर होता, चर्चमधली लग्नं करायचा. तो एकदा वैतागून आला. ‘भाव, माझा लाईट पावन्यांच्या कॅमेऱ्यावर पेटतोय, माझ्यावर न्हाय. अंगठी घालायची येल आली का याची बॅटरी खलास हाय.’ खरंच होतं. डोळ्याला मालक कोण ते कळत नाही. कुणाचाही फ्लॅश दिसला की तो धावतो. मी त्याला डोळ्यावर काळ्या कागदाची नळी करून दिली आणि आम्ही दोघं हसलो होतो.

त्याच सुमाराला दीपक आला. तिशीतला, पांढरा शर्ट, कपाळाला गंध, बोलायला गोड. त्याच्या पिशवीत एक जुना फ्लॅश आणि एक स्लेव्ह होता.

‘मूर्तीच्या मागे लावायचाय,’ तो म्हणाला. ‘मोठी मूर्ती आहे आपल्याकडे. लोक येऊन फोटो काढतात. तर कुणीही काढला ना, की मागून लाईट यायला पाहिजे. त्याच टायमाला. एकाच फोटोत येतो, मग बंद पडतो.’

‘लॉक होतोय. करून देतो.’

‘दिवसभर चालला पाहिजे हां. कितीही लोक आले तरी.’

मी करून दिला. फ्लॅशची मान सैल होती, डोकं डावीकडे पडायचं. तेही सांगितलं, पण त्याला घाई होती. जाताना म्हणाला, ‘तुमच्या हातात जादू आहे.’ मला बरं वाटलं. मूर्ती कसली, कुठे, हे मी विचारलं नाही. गिऱ्हाइकाला तसं विचारायची माझी पद्धत नव्हती.

आता माझ्या बहिणीविषयी. कुसुमताई माझ्याहून मोठी. आम्ही परळ सोडून इकडे आलो तेव्हा तिनेही हट्टाने याच बाजूला खोली घेतली, आमच्यापासून चालत जाण्याएवढी जवळ. भावजी गेल्यावर ती एकटी पडली. मुलगा बंगळूरला. तिच्या मजल्यावर मंगल नावाच्या बाई राहायच्या, शाळेत आया होत्या. त्यांनी तिला दर गुरुवारी मीरा रोडच्या हाटकेश भागात न्यायला सुरुवात केली. तिथे एका बंद पडलेल्या गाळ्यात कुणी महाराज बसायचे. मी तिला कधी अडवलं नाही. चार बायकांत बसते, घराबाहेर पडते, एवढंच मला पुरेसं वाटलं.

एक दिवस दुपारी ती दुकानावर आली. मुलाने पाठवलेला छोटा डिजिटल कॅमेरा तिने काउंटरवर ठेवला.

‘सुधा, हा बिघडलाय का बघ.’

मी सेल बघितले, लेन्स बघितली, फ्लॅश बघितला. समोरच्या साडीच्या दुकानाचा फोटो काढला, तिचा काढला. ‘ताई, एकदम नीट आहे. नवा कोरा आहे. काही झालेलं नाही याला.’

मला वाटलं तिला आनंद होईल. तर तिने काउंटरची कड धरली. तिचा चेहरा असा उतरला की मी स्टूल पुढे केलं.

‘नीट बघ ना परत,’ ती म्हणाली. ‘काहीतरी असेल.’

‘अगं, काही नाही. का?’

तिने पर्समधून दोन फोटो काढून शेजारी शेजारी ठेवले. दोन्हीत तेच महाराज, तीच उंच पाठीची खुर्ची, मागे भगवा पडदा. एकात साधा फोटो. दुसऱ्यात त्यांच्या डोक्यामागून, खांद्यांमागून सोनेरी उजेड फुटलेला.

‘हा मंगलचा. तिच्या दर फोटोत येतो. अजून कितीजणींच्या येतो. माझ्या एकाही फोटोत नाही येत.’

मी फोटो हातात घेतला. उजेडाचा गोळा मधोमध नव्हता, डावीकडे कललेला होता. त्या फ्लॅशची मान सैल होती. मूर्ती कसली ते मला त्या क्षणी कळलं.

आणि तिच्या फोटोत का येत नाही, तेही कळलं. हे नवे छोटे कॅमेरे एकदा नाही, दोनदा फ्लॅश मारतात. पहिला बारीक, अंदाज घ्यायला. दुसरा खरा, फोटोचा. मधे इतका कमी वेळ असतो की आपल्या डोळ्याला एकच वाटतो. स्लेव्ह मात्र पहिल्यालाच पेटतो. खरा फोटो निघेपर्यंत मागचा फ्लॅश रिकामा झालेला असतो. मंगलबाईंकडे त्यांच्या नवऱ्याचा जुना रोलचा कॅमेरा होता, हे ताईच्याच बोलण्यात आलं होतं. तो एकदाच मारतो. म्हणून त्यांना उजेड मिळत होता.

हे सगळं सांगायला काही वेळ लागला नसता. पण हे सांगितलं की पुढचं वाक्य ‘ते मी बनवलंय’ हेच होतं. शेजारी एक गिऱ्हाईक उभं होतं. मी म्हणालो, ‘अगं, तुझ्या फोटोला उजेड कमी पडत असेल.’

‘कमी नाही पडत, सुधा,’ ती म्हणाली. ‘मला देत नाहीत.’

तिने फोटो पर्समध्ये ठेवले, कॅमेरा ठेवला आणि गेली. त्या दिवसांत ती एकदाच जेवत होती, चप्पल न घालता हाटकेशला चालत जात होती. मला हे बायकोकडून कळलं.

मी दीपकला फोन केला. तो फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यांना चालत नाही, सुधारून देतो, म्हणालो.

‘अरे वा, सही!’ तो म्हणाला. ‘मलाही वाटतच होतं. काही लोकांच्या येतच नाही फोटोत. महाराज सांगतात, ज्याची त्याची पात्रता. पण लोक नाराज होतात ना.’

तो हे अगदी मोकळेपणाने बोलला. त्याच्या लेखी आम्ही दोघं एकाच धंद्यात होतो.

हाटकेशला गेलो तेव्हा गाळ्यात भक्त कुणी नव्हते. खालच्या मजल्यावर पत्रे कापण्याचं मशीन चालू होतं. वर महाराज नुसत्या बनियनमध्ये बसून पोहे खात होते. म्हातारा माणूस, पायांना सूज. मला म्हणाले, ‘या. आमचा ट्रान्झिस्टर पण बघता का? खरखर करतो.’ मी तोही बघितला. मग खुर्चीमागे वाकून डोळा बदलला. नव्या डबीत मी असं सर्किट घातलं होतं की पहिला झटका सोडून द्यायचा आणि दुसऱ्याला पेटायचं. दीपकने आपल्या डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढला. उजेड आला, तोही आता बरोबर मधोमध, कारण मान मी घट्ट केली होती.

एकच झटका मारणाऱ्या कॅमेऱ्यावर आता तो पेटणार नाही, हे मला माहीत होतं. दोन्हींवर चालेल असं करायला वेगळा मार्ग काढावा लागला असता. मी मनाशी म्हटलं, आता रोल कोण वापरतं? मंगलबाई वापरतात, हे मला पंधरवड्यापूर्वीच समजलं होतं. तरी मी असं म्हटलं.

पुढच्या शुक्रवारी ताई पेढे घेऊन आली. फोटो माझ्या हातात दिला आणि बघत राहिली, मी काय म्हणतो याच्याकडे. मी म्हणालो, ‘छान आलाय.’ ती रडायला लागली. भर रस्त्यात, काउंटरवर डोकं टेकून. मग डोळे पुसून म्हणाली, ‘आज पोटभर जेवले रे.’ मी पेढा तोंडात टाकला. तो गिळेपर्यंत मी दुकानात काहीतरी शोधत असल्यासारखं केलं.

काही आठवडे बरे गेले. मग एका दुपारी ताई परत आली. या वेळी मंगलबाई बरोबर होत्या. मी त्यांना लांबून ओळखत होतो, जाड भिंगाचा चष्मा आणि मोठा आवाज. त्या दिवशी आवाज नव्हता. ताईनेच त्यांच्या पिशवीतून रोलचा कॅमेरा काढून पुढे ठेवला.

‘हिचा बघ ना. हिच्या फोटोत यायचा बंद झालाय. माझ्यात यायला लागला आणि हिच्यातला गेला. मला वाटतं मीच घेतला तिचा.’

‘तसं काही नसतं, कुसुम,’ मंगलबाई म्हणाल्या. ‘माझंच काही चुकलं असणार. आठवून बघतेय मी. दादा, कॅमेऱ्यातच काही असेल तर सांगा. लई बरं होईल.’

मी कॅमेरा हातात घेतला. तो चांगला होता, हे उघडायच्या आधीच मला माहीत होतं. पण ‘एकदम नीट आहे’ हे वाक्य दुसऱ्यांदा माझ्या तोंडातून निघेना.

मी खालच्या खणातून एक फ्लॅश आणि दोन डोळे काढले. एक साधा, एक नवा. ‘मंगलबाई, तुम्ही या फ्लॅशकडे बघा आणि फोटो काढा.’ नवा डोळा लावला होता. त्यांचा कॅमेरा पेटला, माझा फ्लॅश गप्प. मग साधा डोळा लावला. ‘आता काढा.’ दोन्ही एकदम पेटले. मग ताईच्या कॅमेऱ्याने तेच उलटं करून दाखवलं, कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवले. मग खुर्चीमागे काय आहे ते सांगितलं. कुणी बसवलं तेही सांगितलं.

मंगलबाईंना आधी कळलं. ‘म्हणजे माझा कॅमेरा एकदा मारतो आणि हिचा दोनदा,’ त्या म्हणाल्या. ‘एवढंच?’

‘एवढंच.’

‘आणि आमच्यात काही नव्हतं.’

‘नाही.’

त्या हसायला लागल्या. मोठ्याने, नेहमीच्या आवाजात. चष्मा काढून डोळे पुसले, परत हसल्या. ताई हसली नाही. तिने मला विचारलं, ‘मी आले होते कॅमेरा घेऊन, तेव्हा तुला माहीत होतं?’

‘फोटो बघितल्यावर कळलं.’

‘माझ्यासमोर?’

‘हो.’

त्यानंतर ती माझ्याशी बोललीच नाही, मंगलबाईंकडे वळून बोलली. भावजी गेले त्या दिवशी ती ब्लाऊजपीस आणायला याच रस्त्यावर आली होती. पहिल्या दुकानात रंग जुळला नाही. निघताना भावजी म्हणाले होते, लवकर ये, छातीत जळजळतंय. ती दुसऱ्या दुकानात गेली, मग तिसऱ्या. घरी पोचली तेव्हा ते दारातच पडलेले होते, हात कडीकडे. ‘कुणाला सांगितलं नाही मी,’ ती म्हणाली. ‘महाराजांना कळलंय असं वाटलं. फोटोत उजेड नाही आला तेव्हा वाटलं, हे माणसाला दिसलं नाही, पण यांना दिसलं. आणि आला तेव्हा वाटलं, त्यांनी माफ केलं.’

‘त्यांनी’ म्हणजे महाराजांनी नव्हे, भावजींनी. मला ते समजायला थोडा वेळ लागला.

रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, शेजारचा भाजीवाला हिंदीत कुणाशी तरी भांडत होता. माझ्या बहिणीने इतकी वर्षं जे पोटात ठेवलं होतं, ते मी माझ्या अंगठ्याएवढ्या डबीने आधी तिच्यावर शाबीत केलं आणि नंतर माफ करून टाकलं. दोन्ही वेळा मला तसा काही अधिकार नव्हता.

मंगलबाईंनी तिचा हात धरला. मग मला म्हणाल्या, ‘दादा, गुरुवारी जाऊन सांगायचं. सगळ्यांसमोर. तिथे किती बाया रडतात, तुम्हाला माहीत नाही. एक आहे, तिला मूल होत नाही, तिच्या फोटोत येत नाही म्हणून सासू रोज बोलते. तुम्ही चला आमच्याबरोबर. आमचं कोण ऐकणार? तुम्ही हे उघडून दाखवाल.’

‘गुरुवारी दुकान असतं,’ मी म्हणालो.

‘तासभर बंद ठेवा.’

‘लग्नसराई आहे, मंगलबाई. लोक सामान घ्यायला येतात.’

मी हे बोललो तेव्हा ताईने माझ्याकडे बघितलं. दोन्ही कॅमेरे पिशवीत घातले आणि त्या दोघी गेल्या.

खरं कारण दुकान नव्हतं. तिथे उभं राहून, लोकांदेखत, ते माझ्या हातचं काम आहे असं सांगायचं होतं, आणि फोटोग्राफर मंडळीत हे पसरलं असतं. दीपकचीही भीती होती, नाही असं नाही. पण मुख्य म्हणजे मला लाज वाटत होती, आणि ती वाटू नये म्हणून मी त्या दोघींनाच पुढे जाऊ दिलं.

त्या गुरुवारी मी सकाळपासून दुकानात बसलो. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला ताई एकटीच आली. पदर फाटलेला होता, खांद्यावर पिन लावून घेतलेली. पाणी मागितलं. मी दिलं. स्टूलवर बसून, घोट घोट पीत, तिने सांगितलं.

रांग लागली होती. मंगलबाईंचा नंबर आला, त्यांनी फोटो काढलाच नाही. सरळ खुर्चीमागे हात घातला आणि फ्लॅश ओढून बाहेर काढला. ‘हा बघा उजेड,’ म्हणाल्या. महाराजांनी डोळे मिटून घेतले. दीपक पुढे झाला, अगदी शांतपणे म्हणाला, ‘हा तर आपल्या फोटोग्राफरचा लाईट आहे, ताई. अंधार असतो म्हणून ठेवलाय. त्याचा आणि तेजाचा काय संबंध?’ मग बायकाच ओरडायला लागल्या. ज्यांच्या फोटोत उजेड होता त्या आधी. कुणीतरी मंगलबाईंचा चष्मा खाली पाडला. ताई मधे पडली, तिचा पदर ओढला. जिला मूल होत नव्हतं ती मुलगीही तिथेच उभी होती. तिने ताईला विचारलं, ‘काकी, तुम्हाला कसं माहीत?’

‘मी सांगितलं,’ ताई म्हणाली, ‘माझ्या भावाने बनवलंय ते. त्याचं दुकान आहे केबिन रोडला.’

‘मग?’

‘मग ती म्हणाली, भाऊ कुठंय? आणा त्यांना. त्यांनी सांगितलं तर मी मानते.’

ताईने ग्लास काउंटरवर ठेवला. मी तो उचलला, विसळला, जागेवर ठेवला.

‘तू काय म्हणालीस?’

‘काय म्हणणार? म्हटलं, त्याचं दुकान आहे.’

ती उठली, पदर सारखा केला आणि आपल्या नेहमीच्या, घरातल्या आवाजात विचारलं, ‘झाला का रे धंदा आज?’

सकाळपासून एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं.

‘झाला,’ मी म्हणालो.